पाचव्या दिवसाची नोंद

माझं घड्याळदुरुस्तीचं दुकान रामआळीत आहे. आता मोबाइलमुळे गिऱ्हाईक कमी झालं, पण सेल बदलायला माणसं अजून येतात. मागचं झाकण उघडायचं, चिमट्याने जुना सेल काढायचा, नवा मीटरवर तपासून बसवायचा. बॅटरी म्हटली की ती उघडून बघता येते, अशी माझी पक्की समजूत होती.

माझी बायको निवृत्त शिक्षिका. गेल्या वर्षी तिला चक्कर यायला लागली. पहिल्यांदा बँकेच्या रांगेत, मग भाजी घेताना. मी म्हणायचो, तू सकाळी काही खात नाहीस, उन्हातून चालत जातेस, दुसरं काय होणार! तिसऱ्या वेळी ती स्वयंपाकघरात कोसळली आणि ओट्याची कड लागून भुवईवर चार टाके पडले. मग मी तिला डॉक्टरांकडे घेऊन गेलो.

डॉक्टरांनी कार्डिओग्राम काढला. तो चांगला निघाला. रक्त, साखर, सगळं ठीक. ते म्हणाले, चक्कर आपल्यासमोर येणार नाही, तेव्हा यंत्रालाच ह्यांच्याबरोबर घरी पाठवू. आणि त्यांनी एक पट्टी काढली. जखमेवर लावतात तशीच, जरा रुंद. तिच्यात ठोक्यांची नोंद ठेवणारं यंत्र होतं आणि बॅटरीसुद्धा. डॉक्टरांनी ती माझ्यासमोर वाकवून दाखवली. फणसाच्या पानासारखी वाकली आणि परत सरळ झाली. मी विचारलं, सेल कुठाय? ते हसले. हाच सेल, म्हणाले, कागदाएवढा पातळ. छाती हलते, माणूस कुशीवर वळतो, म्हणून कडक सेल चालत नाही.

छातीवर चिकटवलेली पट्टी सात दिवस काढायची नव्हती. चक्कर आल्यासारखं वाटलं की तिच्यावरचं बटण दाबायचं. दाबलं की हिरवा दिवा लुकलुके.

मला काही चैन पडेना. एवढ्याशा कागदात सात दिवसांची वीज मावेल, हे मनाला पटत नव्हतं. त्यात आपल्याकडचा घाम. मे महिन्यात रत्नागिरीत माणूस नुसता बसला तरी भिजतो. रोज दुकानात जाण्याआधी मी तिला बटण दाबायला लावायचो आणि दिवा बघून जायचो. ती वैतागायची, पण दाबायची.

पाचव्या दिवशी दुपारी जेवायला घरी आलो. सकाळी घाईत बघायचं राहिलं होतं. बटण दाबलं, दिवा लागला नाही. पुन्हा दाबलं, काही नाही. बॅटरी गेली, म्हणजे आतापर्यंतचं सगळं गेलं, आणि आता चक्कर आली तर ती कोणाला कळणार? मी दुकानाच्या पिशवीतून घड्याळाचं झाकण उघडायची पातळ पाती काढली. तिला खिडकीजवळ खुर्चीत बसवलं. म्हटलं, कड जराशी उचलून आत बघतो, पुन्हा चिकटवू.

पाती पट्टीला टेकली होती. ती शांतपणे म्हणाली, "आधी फोन करा. कोणी घड्याळ घरी उघडून मग तुमच्याकडे आणलं, की तुम्ही त्याला किती बोलता?"

मी पाती खाली ठेवली आणि दवाखान्यात फोन लावला. तिथल्या मुलीने सांगितलं की दिवा पहिले चार दिवसच लागतो. पुढे बॅटरी पुरावी म्हणून तो आपोआप बंद होतो, नोंद मात्र चालू असते. माहितीपत्रकात लिहिलंय, म्हणाली. ते पत्रक मी न वाचताच कपाटात टाकलं होतं. फोन ठेवला आणि तिथेच जमिनीवर बसलो. तिने पान वाढलं. त्या दिवशी मी दोनदा भात घेतला.

आठव्या दिवशी पट्टी परत दिली. तिचा अहवाल आल्यावर डॉक्टरांनी दोघांना बोलावलं आणि संगणकावर ठोक्यांची रेघ दाखवली. वर-खाली जाणारी रेघ एका ठिकाणी सपाट झाली होती. सहा सेकंद हृदय थांबलेलं होतं. सेकंद म्हणजे काय ते मला कोणी सांगायला नको. मी मनात सहा मोजले आणि मला ते संपेनात.

डॉक्टर म्हणाले, पूर्ण आठवड्यात एवढी एकच नोंद. पाचव्या दिवशी दुपारी, चार वाजून गेल्यावर.

मी बायकोकडे बघितलं. ती म्हणाली, "तुम्ही दुकानात परत गेलात, त्यानंतर. अंगणात दोरीवरचे कपडे काढताना डोळ्यांपुढे अंधार आला, म्हणून पायरीवर बसले. बटणही दाबलं. तुम्हाला नाही सांगितलं. आधीच घाबरला होतात."

पाती जरा खोल गेली असती तर ती सपाट रेघ कुणालाच दिसली नसती. हे मी डॉक्टरांना तिथेच सांगून टाकलं. ते रागावले नाहीत. म्हणाले, कारण सापडलं, आता उपाय सोपा आहे.

कोल्हापूरला जाऊन तिला पेसमेकर बसवला. तीन दिवसांत घरी आलो. त्याची बॅटरी बरीच वर्षं जाते म्हणतात. किती, ते मी दोनदा विचारून घेतलं. तिसऱ्यांदा विचारायला लागलो तेव्हा तिने मला गप्प केलं.

त्यानंतर तिला चक्कर आलेली नाही. सुरुवातीला ती न्हाणीघरात गेली की मी बाहेर उभा राहायचो. आता नाही राहत. परवा ती एकटी एसटीने पालीला, माहेरी गेली. पोचल्याचा फोन आला नाही. संध्याकाळी मीच केला, तर तिच्या वहिनीने उचलला. म्हणाली, वन्सं मागल्या दारी आहेत, कोकमं फोडायला बसल्यात, हात भरलेत, मग बोलतील. मी बरं म्हटलं आणि समोरचं घड्याळ दुरुस्तीला घेतलं.