मॅडमना ‘तू’

परळच्या आमच्या नर्सिंग कॉलेजात एका मॅडमची फार दहशत होती. जिन्यात त्यांच्या चपला वाजल्या की आम्ही मुली आपोआप सरळ उभ्या राहायचो. पेशंटला कुणी ‘ए मावशी’ म्हटलं की मॅडम थांबायच्या. “ए कोणाला? अहो म्हण.” आणि मुलगी अहो म्हणेपर्यंत हलायच्या नाहीत.

एकदा जव्हारकडच्या एक वारली आजी वॉर्डात आल्या. पायाची जखम चिघळली होती, पण त्या सलाईन लावू देईनात. मॅडम कॉटजवळ गेल्या, तर आजींनीच विचारलं, “तू कुठली गं?”

आम्ही गार. माझी मैत्रीण पुटपुटली, “आजी, मॅडमना तुम्ही म्हणा.”

मॅडमनी तिच्याकडे पाहिलं. “घरी आईला काय म्हणतेस?”

“तू.”

“मग गप्प बस.” स्टूल ओढून त्या आजींजवळ बसल्या. “मी नायगावची. चाळीत वाढले. आता चाळ पाडली.”

“मग ऱ्हातेस कुठं?”

“भाड्यानं. अँटॉप हिलला.”

आजी हळहळल्या. मग सलाईनच्या बाटलीकडे बोट दाखवून म्हणाल्या, “यात काय हाय?” सकाळपासून त्यांना हे कुणी सांगितलंच नव्हतं. मॅडमनी सावकाश सांगितलं. आजींनी हात पुढे केला आणि आमचा जीव भांड्यात पडला.

बाहेर आल्यावर मी विचारलं, “मॅडम, त्यांच्यात सगळ्यांनाच तू म्हणतात का?”

“मला काय माहीत? उद्या त्यांनाच विचारू.”

दोन पावलं जाऊन त्या वळल्या.

“मला मात्र तुम्हीच म्हणायचं.”