डबा रोज रिकामा यायचा

हे आजवर माझ्या तोंडून बाहेर पडलेलं नाही. मैत्रिणींपुढे नाही, आईपुढे तर नाहीच. आणि आत्ता सांगतेय म्हणून लगेच मायेनं बघू नका माझ्याकडे — ‘वय लहान होतं गं तुझं’ असं म्हणणार असाल तर इथेच थांबा. एकोणीस वर्षांची होते. चांगलं कळत होतं मला.

उरवड्याला आमचं घर. अण्णा तिथल्याच एका कारखान्यात, आई घर आणि म्हैस सांभाळायची. वरच्या खोलीत शुभांगी राहायची. परभणीकडची, माझ्याच इंजिनिअरिंग कॉलेजात, माझ्याच वर्गात. तिचा दोन वेळचा डबा आई करायची. वर पोचवायचा मी, रिकामा खाली आणायचा मी. साल नव्याण्णव असेल, संस्थेच्या विश्वस्तांची आपापसांत जुंपली आणि कॉलेजच्या फाटकाला कुलूप लागलं. पुढील सूचना मिळेपर्यंत बंद, एवढाच कागद. आठवडा म्हणता म्हणता पाच महिने गेले.

पोरींची मजा आहे, आयती सुट्टी मिळाली — असं म्हणायचे लोक. मजा! वर येऊन बघितलं होतं का कुणी?

बाकीच्या मुली आपापल्या गावी गेल्या. शुभांगी गेली नाही. कॉलेज बंद आहे हे तिनं घरी कळवलंच नव्हतं. कळवलं असतं तर वडिलांनी त्याच आठवड्यात स्थळं बघायला घेतली असती. आणि आमच्या घरी तरी काय वेगळं होतं? अण्णांनी मला सांगून ठेवलं होतं, “वरची पोरगी हाय तवर तू बी कर अभ्यास. ती गेली की मग बघू. स्थळ काय लई दिस थांबायचं न्हाई.” हे वाक्य लक्षात ठेवा. मी ठेवलं होतं.

सुरुवातीला ती रोज सॅक पाठीला लावून फाटकापर्यंत चालत जायची. तोच कागद वाचून परत यायची. मग एक दिवस गेली नाही. मग नुसती ड्रॉइंगची शीट पसरून बसायची, रेघ मारायची, खोडायची, पुन्हा मारायची — कागद फाटेपर्यंत. मग तेही थांबलं. भिंतीकडे तोंड करून पडून असायची. वेणी घालेना, अंघोळ करेना. एकदा मला म्हणाली, “फाटक उघडलं ना, तरी मला आत जाता येणार नाही गं. पाय उचलणार नाहीत.” मी काय केलं? उशी सारखी केली आणि खाली आले.

आणि डबा — तो पहिल्यांदा भरलेला परत आला तेव्हा आईनं झाकण उघडून बघितलं. “खाल्लं न्हाई व्हय तिनं? दुखतंय का काय? पिरंगुटला जाऊन तिच्या बापाला फोन लावते मी.” त्या दिवशी काहीतरी सांगून मी तिला अडवलं. बाहेरचं खाल्लं असेल म्हटलं.

दुसऱ्या दिवशी डबा पुन्हा भरलेला. मी जिना उतरले, घरात शिरायच्या आधी गोठ्याकडे वळले आणि भात, भाजी, चपात्या, सगळं म्हशीच्या घमेल्यात ओतलं. डबा विसळला. आईनं विचारलं, “खाल्लं का तिनं?” मी म्हटलं, “व्हय.”

दीड महिना. दोन्ही वेळा. शुभांगी चहा-बिस्किटांवर होती, तेही मी मागे लागले तर. शिवाय तिनं विनवलं होतं की घरी कळवू नकोस, आणि हे कारण मला फार सोयीचं पडलं. मैत्रिणीचा शब्द पाळतेय — असं स्वतःला सांगायला किती बरं वाटतं! खोटं होतं ते. ती गेली असती तर मला बोहल्यावर चढवलं असतं, म्हणून ती वर राहायला हवी होती. कशीही. नुसती राहायला हवी होती.

मला शिकायचं होतं यात माझी काहीच चूक नव्हती. त्याबद्दल मी मान खाली घालणार नाही, अण्णांपुढे घातली नाही आणि तुमच्यापुढेही घालणार नाही. लढायला हवं होतं ते अण्णांशी. मी तिला उपाशी ठेवून वेळ काढला.

एका सकाळी ती जिन्यात कोसळली. डॉक्टर आले, वडिलांना फोन गेला, ते एसटीनं दुसऱ्या दिवशी पोचले. डॉक्टरांनी विचारलं, जेवत होती का? आई शपथेवर म्हणाली, “डबा रोज रिकामा यायचा, दादा. चाटूनपुसून.” आणि सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं.

मी मान डोलावली. शुभांगी बघत होती माझ्याकडे. मग तिनं भिंतीकडे तोंड फिरवलं.

जेवते तरी वाळते, म्हणजे पोटाचाच काही आजार — असं ठरलं. मनाचं कुणी विचारलंच नाही, मी ती वाटच बुजवली होती. वडिलांची दोन पत्रं आली. दोन्हींत पोटाच्या तपासण्या आणि औषधं, उतार नाही. फाटक उघडलं तेव्हा मी आत गेले. ती आली नाही. दुसऱ्या पत्रावर पत्ता आहे, पत्र माझ्या कपाटात आहे. अकरा वर्षांत मी एक ओळ लिहिली नाही.

आईनं त्यानंतर कुणाचाच डबा केला नाही. “माझ्याच हातचं तिला बाधलं,” म्हणते.

मी आता हिंजवडीत नोकरी करते. अण्णा गेल्यावर नांद्याला फ्लॅट घेतला, आईला घेऊन आले. माझा डबा तीच भरते. परवा चपात्या गुंडाळता गुंडाळता तिनं विचारलं, “त्या पोरीच्या पोटाला झालं तरी काय असंल गं?”

काय माहीत, म्हटलं. डबा घेतला, कंपनीची बस पकडली. दुपारी सगळा खाल्ला.