पत्री मारणाऱ्याचे कान

हिंडलग्याच्या रस्त्यावर मी रोज सकाळी पळतो. म्हणजे माझ्या बुटांवरचे दोन सेन्सर पळतात आणि मी त्यांच्यामागून जातो. कुठला पाय जमिनीला किती वेळ टेकला, हे ते सेकंदाच्या हजाराव्या भागापर्यंत सांगतात. डावा गुडघा का दुखतो, तेवढं मात्र सांगत नाहीत.

त्याच रस्त्यावर शर्यतीच्या बैलांच्या खुरांना पत्री, म्हणजे लोखंडी नाल, मारणारा एक म्हातारा बसतो. नाव मी कधी विचारलं नाही. बैल आला की हा त्याच्याकडे पाठ करतो, मालकाला बैल चालवायला लावतो आणि नुसता ऐकतो. मग उठून नेमका दुखरा पाय धरतो.

एकदा मी त्याच्या पाठीमागून पळत गेलो, तर न बघताच म्हणाला, "अण्णा, डावा पाय राखून पळतायसा."

मी थांबून मोबाईल त्याच्या नाकासमोर धरला. डावा पन्नास टक्के, उजवा पन्नास टक्के. विज्ञानाशी वाद घालू नये, हेही समजावलं.

समोर एक बैल पुढच्या एका पायाने उघड उघड लंगडत होता. म्हाताऱ्याने माझे सेन्सर मागून घेतले, बैलाच्या पुढच्या दोन्ही पायांना सुतळीने बांधले आणि त्याला वळणापर्यंत फिरवून आणलं.

मोबाईलवर हिरवी खूण आली. "समतोल उत्तम! असेच पळत राहा."

ते त्याने माझ्याकडून दोनदा वाचून घेतलं. मग सेन्सर धोतराला पुसून परत दिले.

"मशीन लई गुणाचं हाय," तो म्हणाला. "कुणाचं मन दुखवत न्हाय."

मी घरापर्यंत लंगडत गेलो. वाटेत मोबाईलने दोनदा शाबासकी दिली.