साहेबांच्या घड्याळाच्या कड्या

ती केस विसरून जावी असं मला पुष्कळदा वाटलं, पण ती काही मला सोडत नाही. पोलिसाने आठवणी सांगायच्या म्हटलं की लोकांना खून नाहीतर दरोडा हवा असतो. माझ्याकडे आहे ती एका हरवलेल्या घड्याळाची हकिगत. नाव कुणाचंच देणार नाही. पनवेलकर हुशार आहेत, ज्यांना ओळखायचं ते ओळखतील.

निवृत्तीला दोनेक वर्षं उरली होती आणि पनवेल परिसरातल्या एका ठाण्याचा मी प्रभारी होतो. त्याच भागात जमिनींची कामं बघणाऱ्या एका कार्यालयात एक मोठे साहेब होते. पगार सरकारी, पण बंगला, दोन परदेशी गाड्या, कर्नाळ्याच्या बाजूला फार्महाऊस, आणि घड्याळं. घड्याळांची तर गावभर चर्चा. ज्यांच्या फायली तीन-तीन वर्षं अडकल्या होत्या ते लोक त्या कार्यालयाच्या बाकड्यावर बसून दुसरं करणार काय? साहेब आले-गेले की ते लोक त्यांचं मनगट बघत. कुणीतरी साहेबांचे कार्यक्रमांतले फोटो गोळा केले, प्रत्येकात मनगटाभोवती लाल गोल काढला आणि व्हॉट्सॲपवर सोडून दिले. प्रत्येक गोलात घड्याळ वेगळं. न्हाव्याच्या दुकानापासून भाजी मार्केटपर्यंत तोच विषय. आमच्या ठाण्यात वारसाच्या दाखल्यासाठी जबाब द्यायला आलेला एक म्हातारा शेतकरी मला म्हणाला होता, "आमची फाईल हाय तितंच हाय, आन् ह्यांचा हात बगा, दर म्हयन्याला नवा."

लोकांना राग होता. माझं दुखणं वेगळं होतं. मला हेवा वाटत होता, आणि आता लपवायचं कारण नाही म्हणून लिहितो. या साहेबांनी आणि मी पुण्यात एका खोलीत राहून स्पर्धा परीक्षेचा अभ्यास केला. एका डब्यात दोघं जेवलो. त्यांना माझ्यापेक्षा थोडे मार्क जास्त पडले आणि ते अधिकारी झाले, मी फौजदार. पुढे नशिबाने दोघांना एकाच गावात आणलं. ते व्यासपीठावर बसत आणि मी खाली बंदोबस्ताला उभा. दिसलो की लांबूनच हात हलवायचे, आणि हात हलला की घड्याळ चमकायचं. एका लग्नात माझ्या बायकोने मला हळूच विचारलं, "तुमच्याबरोबरचेच ना हे?" त्या एका प्रश्नाने माझा आठवडा खराब झाला. नवीन पनवेलला दोन खोल्यांच्या फ्लॅटचे हप्ते मी फेडत होतो. बढती झाली तेव्हा बाजारातल्या व्यापाऱ्यांनी शाल, नारळ आणि एक बरं घड्याळ देऊन सत्कार केला होता. ते घालून चार लोकांत गेलं की मला थोडं बरं वाटायचं. साहेबांसमोर मात्र मी बाही पुढे ओढून घ्यायचो.

एका सकाळी साहेबांचाच फोन आला. घरातलं एक घड्याळ गेलंय, मोलकरणीने नेलंय, सोसायटीचे वॉचमन तिला घेऊन येतायत. तक्रार वगैरे काही नको, आत बसवून जरा दम भरा म्हणजे काढून देईल. पाठोपाठ मोबाईलवर फोटो आला. कुठल्या तरी उद्घाटनात फीत कापणारा हात आणि त्यावर निळ्या तबकडीचं घड्याळ. मी म्हटलं, लेखी फिर्याद द्या, वर्णन, किंमत आणि बिल जोडा, लगेच गुन्हा दाखल करतो.  साहेब हसून म्हणाले, अरे आपल्यात कसलं बिल. बिल नाही म्हणजे साहेब सापडत होते; फोन ठेवला तेव्हा माझ्या तोंडाला पाणी सुटलं होतं, खोटं कशाला बोलू?

बाई चाळिशीची, कर्नाळ्याच्या पायथ्याच्या एका वाडीतली. महिलेला चौकशीसाठी असं ठाण्यात आणून बसवायचं नसतं, तिच्या घरी जायचं असतं. पण वॉचमन तिला आणून मोकळे झाले होते. वाडीवरचं माणूस म्हटलं की संशय आधी त्याच्यावर, हे समाजाचं आणि आमच्या खात्याचंही जुनं दुखणं. मी महिला हवालदाराला शेजारी बसवलं आणि बाईला सांगितलं की तुझ्यावर गुन्हा नाही, तू जाऊ शकतेस.

ती उठलीच नाही. तिचं म्हणणं साधं होतं. त्या सोसायटीत ती चार घरी कामाला होती, चारही घरांनी तासाभरात उद्यापासून येऊ नको म्हणून कळवलं होतं. तेवढ्यावर थांबलं नव्हतं. तिच्या वाडीतल्या आठ बायका तिथे कामाला जात, त्या सगळ्यांना गेट बंद झालं होतं. ती अशीच घरी गेली असती तर आठ घरांच्या चुली तिच्यामुळे विझल्या असत्या. "मी चोर नाय, ह्ये तुमी सांगून चालंल का?" ती म्हणाली. "ज्यानं नाव घेतलं त्यानं सांगाया पायजे." माझ्या नोकरीत संशयिताने सुटका नाकारून तपास मागितल्याची ही पहिलीच वेळ.

मी तिची चौकशी केली ती दीड तास. आम्ही पोलीस एक चूक नेहमी करतो. संशयिताला आम्ही विचारतो, तू काय केलंस. तू काय पाहिलंस, हे क्वचित विचारतो. त्या दिवशी मला चोरापेक्षा त्या घराच्या आतली माहिती हवी होती, म्हणून मी दुसरा प्रश्न विचारला. घड्याळं कुठे असतात, किती असतात, कोण हाताळतं. ती कपाट पुसायची, तिला सगळं पाठ. बोलता बोलता म्हणाली की नवीन घड्याळ आलं की ते साहेबांना मोठं होतं, हातात बांगडीसारखं फिरतं. मग ड्रायव्हर ते गावात नेतो आणि लहान करून आणतो. हे निळं नुकतंच आलं होतं का? हो, फीत कापायच्या दिवशीच आलं, हातात ढिलंच होतं. ड्रायव्हर कुठे आहे? बहिणीच्या लग्नाला गावाला गेलाय, आठ दिवस झाले.

मी फोटो पुन्हा पाहिला. घड्याळ खरंच मनगटावरून तळहाताकडे घसरलेलं होतं. ड्रायव्हरचा फोन लागत नव्हता, पण जुन्या पनवेलमध्ये असलं काम करणारा माणूस एकच. त्याला सगळे चाचा म्हणतात. कोकणी मुसलमान, तरुणपणी दुबईत घड्याळांच्या शोरूममध्ये कारागीर होता, म्हातारपणी बाजारात छोटं टपरीवजा दुकान घालून बसला. दोन पंच बरोबर घेऊन मी तिथे गेलो. फोटो दाखवताच त्याने खण उघडून फडक्यात गुंडाळलेलं निळं घड्याळ काढलं. पट्टा लहान करून आठ दिवसांपासून तयार होतं, न्यायला कुणी आलं नव्हतं.

म्हणजे घड्याळ चोरीला गेलंच नव्हतं. साहेबांनीच पाठवलं होतं आणि साहेबच विसरले होते. ज्याच्याकडे एकच घड्याळ असतं त्याच्याकडून असं कधी होत नाही. चार घरं बुडाली, आठ बायकांना गेट बंद झालं, आणि कारण काय, तर या गृहस्थाला आपली घड्याळं मोजता येईनात.

चाचाला मी विचारलं, असली किती घड्याळं आली तुझ्याकडे? तो अडखळला. "साहेब, गिऱ्हाईकाची अमानत आहे ती." मग पंचांकडे पाहून त्याने एक पत्र्याचा डबा समोर ठेवला. पट्टा लहान करताना ज्या कड्या निघतात त्या तो प्लास्टिकच्या छोट्या पुडीत घालून, चिठ्ठीवर नाव लिहून गिऱ्हाईकाला परत देतो. मोठ्या साहेबांचा ड्रायव्हर कधीच घेऊन गेला नाही, म्हणून चाचाने जपून ठेवल्या होत्या. एकेका पुडीत दोन-तीन चकचकीत कड्या.

"एक बात सांगू साहेब," चाचा म्हणाला. "जो खरीदतो ना, त्याला दुकानवालेच तिथल्या तिथे मापात करून देतात. माझ्याकडे येतं ते भेटीत आलेलं."

बत्तीस वर्षांच्या नोकरीत इतका स्वच्छ पुरावा मला कुणी इतक्या सहज दिला नव्हता. कायद्याच्या काटेकोर नजरेने त्या कड्या ताब्यात घ्यायला माझ्याकडे पुरेसं कारण होतं का, मला आजही शंका आहे. पण हेव्याला कारण लागत नाही. मी तिथेच बसून पंचनामा केला, पुड्या आणि घड्याळ सील केलं, पंचांच्या सह्या घेतल्या.

दुपारी साहेबांना फोन करून कळवलं की घड्याळ मिळालंय, ताबा पावतीवर सही करून घेऊन जा. ते स्वतः आले. तोवर गावात बातमी फुटली होती. वाडीतल्या बायका व्हरांड्यात बसल्या होत्या, फायलीवाले पाच-पंचवीस जण कंपाऊंडला टेकून उभे होते, निम्म्यांच्या हातात मोबाईल चालू. बाई सकाळपासून होती त्याच बाकावर.

मी घड्याळ टेबलावर ठेवलं आणि पावती पुढे केली. वस्तूचं वर्णन, कंपनी, अंदाजे किंमत, आणि खाली 'ही वस्तू माझ्या मालकीची आहे' असं वाक्य. मला त्या सहीची किती भूक लागली होती ते माझं मला ठाऊक. साहेबांनी पावती दोनदा वाचली. बाहेरच्या मोबाईलांकडे पाहिलं. मग पेन खाली ठेवून अगदी सहज आवाजात म्हणाले, "हे माझं नाही."

मी फोटो दाखवला. तसंच दिसतंय, पण माझं नाही, म्हणाले. माझा चेहरा पडला. इतका हुशार माणूस, परीक्षेतही शेवटच्या क्षणी असाच निसटायचा. तेवढ्यात ती बाई बाकावरून उठून टेबलाजवळ आली.

"तुमचं नाय," ती म्हणाली, "मंग मी चोरलं काय?"

आवाज चढवलेला नव्हता. बाहेरचे मोबाईल मात्र तिच्याकडे वळले. साहेबांनी माझ्याकडे पाहिलं, मी काही त्यांच्या मदतीला जाणार नव्हतो. मग ते पुटपुटले की काहीतरी गैरसमज झाला असेल. बाई म्हणाली, लिहून द्या. मी कोरा कागद पुढे सरकवला. त्यावर त्यांनी स्वतःच्या अक्षरात लिहिलं की माझ्या घरातून कोणतीही वस्तू चोरीला गेलेली नाही आणि या महिलेविरुद्ध माझी तक्रार नाही. खाली सही केली, मी शिक्का मारला. एवढं लिहून दिल्यावर ते घड्याळ पुढे कधीही आपलं म्हणायची सोय त्यांना उरली नाही. बाईने कागद चौघांकडून वाचून घेतला आणि मगच घडी घातली.

संध्याकाळच्या आत ती तो कागद घेऊन सोसायटीच्या गेटवर गेली. बरोबर माझी महिला हवालदार होती. गेट उघडलं. आठही बायका दुसऱ्या दिवसापासून कामाला लागल्या. तिच्या चार घरांपैकी तिघांनी तिला परत बोलावलं, चौथं घर साहेबांचं होतं.

घड्याळ बेवारस मालमत्ता म्हणून आमच्या मुद्देमालाच्या खोलीत जमा झालं. न्यायला कुणी आलं नाही. मुद्देमाल कारकून सांगायचा की हाताच्या हालचालीवर चालणारं ते घड्याळ दोन दिवसांत बंद पडलं. कड्यांचा पंचनामा अहवालासह मी वर पाठवला, चौकशी सुरू झाली, ती अजून सुरू आहे. साहेबांची बदली झाली. नव्या ठिकाणी ते मनगट मोकळं ठेवतात, असं ऐकतो.

या केसबद्दल माझं कौतुक पुष्कळ झालं. गरीब बाईसाठी मोठ्या माणसाला अंगावर घेतलं म्हणून सत्कारही झाला. खरं असं आहे की तो फोन दुसऱ्या कुणाचा असता, ज्याच्यामुळे माझ्या पोटात दुखायचं त्या माणसाचा नसता, तर मी बाईला दम भरून घरी पाठवलं असतं. तिचं नाव आणि माझा जळफळाट त्या दिवशी योगायोगाने एकाच रस्त्याने निघाले, म्हणून ती वाचली. हे मी तिला कधी सांगितलं नाही.

आणखी एक गोष्ट कुणालाच सांगितलेली नाही. चाचाच्या डब्यातून मी पुड्या एकेक करून बाहेर काढत होतो, पंच मोजत होते. तळाशी एक पुडी उरली, तिच्यात दोन कड्या. चाचाने चिठ्ठी वाचली, माझ्या मनगटाकडे पाहिलं आणि अगदी साधेपणाने विचारलं, "साहेब, ही पण घ्यायची का? तुमचीच आहे, सत्कारानंतर तुम्ही आला होता ना, कड्या इथेच राहिल्या." पंच माझ्याकडे बघत होते. मी म्हटलं की ती या केसमधली नाही, आणि डब्याचं झाकण लावलं.

पंचनाम्यात अकरा पुड्यांची नोंद आहे. डब्यात बारा होत्या. आपलं ठेवायचं झाकून आणि दुसऱ्याचं बघायचं वाकून, असं आमच्याकडे म्हणतात, आणि मी ते दोन पंचांसमोर केलं. साहेबांचा मला हेवा होता तो त्यांच्या घड्याळाच्या किमतीचा. घड्याळ आलं कसं, त्यात आमच्या दोघांत फार फरक नव्हता.

ते घड्याळ मी अजून वापरतो. मनगटाला अगदी मापात बसतं. बाजारात वरचेवर जाणं होतं, पण कड्या मागायला चाचाच्या दुकानात अजून गेलो नाही.