जुन्या पिठाची भाकरी

दर हिवाळ्यात एका शनिवारी पप्पा वाळूजच्या कारखान्यातली सकाळची शिफ्ट संपवून येतात आणि आम्ही दोघं तंबू घेऊन शहराबाहेरच्या एका पाझर तलावावर मुक्कामाला जातो. आईला जमिनीवर झोपणं सोसत नाही, म्हणून ती येत नाही. मी बारा वर्षांची असल्यापासून तिथला स्वयंपाक माझा. छोट्या गॅसच्या शेगडीवर मुगाची खिचडी, वर तूप, सोबत भाजलेला पापड. पप्पा दोन घास खाऊन म्हणतात, "बेस्ट." एरवी मला फार कुणी काही म्हणत नाही, मीही कुणाला काही म्हणत नाही. तो एक शब्द मला वर्षभर पुरायचा.

गेल्या वर्षी माझी चुलत बहीण गावाहून शिकायला आमच्याकडे आली. माझ्याहून दोन वर्षांनी लहान. मला ताई म्हणते, माझ्याच खोलीत झोपते. मी इंग्रजी शाळेत जायला लागले तेव्हा पप्पांनी घरात गावची बोली बंद केली होती. माझ्या तोंडून "लई" निघालं की "खूप म्हण" असं म्हणून ते थांबवायचे. आता ती दारातूनच "काका, आलात व्हय?" म्हणाली की तेच पप्पा बूट काढता काढता म्हणायचे, "आलो की गं. लई दमलो आज." मी आतून ऐकायची.

त्या हिवाळ्यात पप्पा म्हणाले, "हिलाही नेऊ या. चुलीवरची भाकरी खाऊ." आणि मला म्हणाले, "ज्वारीचं पीठ तू घे."

स्वयंपाकघरात पिठाचे दोन डबे होते. एक आदल्याच दिवशी औरंगपुऱ्यातल्या गिरणीतून दळून आणलेला. दुसरा दिवाळीच्याही आधीचा. त्या पिठाची विरी गेली होती. ते धरून राहत नव्हतं, भाकरी थापली की चिरायची. आई ते थालीपिठात थोडं थोडं खपवायची. हे सगळं माहीत असून मी जुनं पीठ पिशवीत भरलं. तिची भाकरी मोडावी आणि पप्पांनी माझ्या खिचडीकडे वळावं, एवढंच मला हवं होतं.

ऊन उतरायच्या आत आम्ही पोचलो. तिनं तीन दगड मांडले, चुलीचं तोंड वाऱ्याकडे ठेवलं, काटक्या पेटवून तवा चढवला. मी जरा अंतरावर शेगडीवर खिचडी लावली. पहिली भाकरी परातीतच फाटली. दुसरी उचलताना तिच्या हातात तुटली.

"काय गं, शहरात येऊन हात विसरली व्हय?" पप्पा हसले. मलाही हसू आलं, ते मी ओढणीत लपवलं.

तिनं चिमूटभर पीठ जिभेवर ठेवलं. "काका, पीठ जुनं हाय. कडवट लागतंय." मग तिनं माझ्याकडे पाहिलं, फार वेळ नाही. "ताई, तुझी शेगडी दे की जरा. पाणी उकळते."

खिचडी अर्धीकच्ची उतरवावी लागली. तिनं उकळतं पाणी पिठात ओतलं, उलथन्यानं कालवलं आणि बोटांवर फुंकर मारत मळायला लागली. गोळा धरून राहिला. तिसरी भाकरी तव्यावरून काढून निखाऱ्याला लावली, तर टम्म फुगली.

पप्पा उकिडवे बसले. कांदा बुक्कीनं फोडला, भाकरीवर लसणाची चटणी आणि तेल घेतलं. "याला म्हणतात जेवण," ते तिला म्हणाले, आणि लहानपणी शेतावर राखणीला जाताना काय काय बांधून न्यायचे ते सांगत सुटले. त्यातलं एकही मी कधी ऐकलेलं नव्हतं. मध्येच त्यांना आठवण झाली. "अगं, तुझी खिचडी?" मी वाढली. तांदूळ दाताखाली कचकचत होता. दोन घास खाऊन ते म्हणाले, "बेस्ट." अगदी दर वर्षीच्याच सुरात. मला ताटलीतून वर बघवेना.

भांडी घासायला आम्ही दोघी पाण्याशी गेलो.

"ताज्या पिठाचा डबा मीच आणला होता गिरणीतून, ताई," ती हळू म्हणाली. "काकांना नाय सांगणार मी. पण मी नको होते तर म्हणायचं ना. आलेच नसते."

"तसं नाही गं," एवढं तरी म्हणायला हवं होतं. पण तसंच होतं. मी पातेलं घासत राहिले.

या हिवाळ्यात पप्पांनी पुन्हा तिला विचारलं. ती म्हणाली, "काका, माझा पेपर हाय." तिचं टाइमटेबल आमच्या खोलीच्या दारावर चिकटवलेलं आहे. त्या आठवड्यात एकही पेपर नव्हता.

"मग आपण दोघंच?" पप्पांनी मला विचारलं. त्यांचा चेहरा उतरला होता, ते मला दिसलं.

मी हो म्हणाले. लगेच म्हणाले.