हिरव्या दिव्याचं डोंगल

मी घरबसल्या मराठी मजकुराची जुळणी करते. लग्नपत्रिका, मंडळांचे अहवाल, क्वचित एखादं पुस्तक. शांती नगरात, दुसऱ्या मजल्यावर, बेडरूमच्या खिडकीपाशी माझं टेबल आहे. एका सकाळी लॅपटॉपने मला न विचारता स्वतःला अपडेट करून घेतलं आणि माझे सगळे फाँट मोडले. पत्रिकेच्या डोक्यावरचं ‘श्री’ तीन तुकड्यांत दिसायला लागलं. गिऱ्हाईक दुपारी येणार होतं. त्या दिवशी मी ठरवलं, जो संगणक आपल्याला विचारल्याशिवाय काही करत नाही, तोच यापुढे वापरायचा.

म्हणून मी मुक्त सॉफ्टवेअरकडे वळले. मुक्त म्हणजे फुकट नव्हे; ज्याच्या आत काय लिहिलंय ते कुणालाही उघडून वाचता आणि बदलता येतं ते. त्यातही मी अगदी सोवळ्यातली सिस्टिम निवडली. झाकलेल्या प्रोग्रॅमला ती उंबरठ्याच्या आत घेत नाही. ‘श्री’ पुन्हा अखंड दिसलं. फक्त वायफाय बंद पडलं. वायफायच्या कार्डाला जागं व्हायला स्वतःचा एक छोटा प्रोग्रॅम लागतो, आणि माझ्या कार्डाच्या कंपनीने तो झाकून ठेवला होता. सिस्टिमने तो नाकारला आणि तसं पडद्यावर कळवलंही.

माझे मिस्टर लिफ्टच्या दुरुस्तीची कामं करतात. बिघाड म्हटलं की ते उठून बसतात.

“कार्ड जळालंय का?”

“नाही हो, कार्ड ठणठणीत आहे. तत्त्वाचा प्रश्न आहे.”

“कार्डाच्या?”

“माझ्या.”

त्यांनी जरा विचार केला आणि संध्याकाळी येताना लांबलचक केबल आणली. हॉलमधल्या राउटरपासून पॅसेजमधून माझ्या टेबलापर्यंत ती आली. त्यानंतर आमच्या घरात सगळे पाय उचलून चालायला लागले.

यावर उपाय होता. लॅपटॉपला बाहेरून लावायचं वायफायचं छोटं डोंगल मिळतं. काही मोजक्या जुन्या चिपांचे प्रोग्रॅम उघडे आहेत. तसली चिप आत असलेलं डोंगल शोधायचं, एवढंच. मी जवळच्या दुकानात गेले.

“अंदर कौनसी चिप है?” मी विचारलं.

“वायफाय की चिप है, मॅडम.”

“हाँ, लेकिन कौनसी?”

दुकानदाराने खोकं उलटंपालटं केलं. खोक्यावर एक बाई लॅपटॉपकडे बघून हसत होती. “सबमें चलता है,” तो म्हणाला.

माझ्यात चाललं नाही. दुसऱ्या खेपेला मी लॅपटॉपच घेऊन गेले आणि काउंटरवर एकेक डोंगल लावून पाहिलं. एकाच नावाच्या दोन खोक्यांत दोन वेगळ्या चिपा निघाल्या. मागे गिऱ्हाइकं खोळंबली. शेवटी दुकानदार कळवळून म्हणाला, “मॅडम, पुरानी वाली सिस्टिम डाल दूँ? आपको तकलीफ है कुछ?” मी त्याचे आभार मानले आणि निदान काहीतरी घ्यावं म्हणून एक पेनड्राइव्ह घेतला.

मग माझी कॉलेजची मैत्रीण आली. ती जवळच्या राई गावात राहते; तिचा नवरा मालवाहू जहाजावर असतो, घरी ती आणि सासू. पॅसेजमधल्या केबलला अडखळून तिने कारण विचारलं. मी सांगितलं. “आमच्या कॉम्प्युटरला एक जुनं डोंगल आहे,” ती म्हणाली. “त्याला हिरवा दिवा लागतो. बघ तुला चालतं का.”

राईला गेले तेव्हा तिची सासू ओट्यावर वाल सोलत बसली होती. मी ते डोंगल माझ्या लॅपटॉपला लावलं. काही डाउनलोड नाही, काही विचारणा नाही. आजूबाजूच्या घरांची वायफाय नावं एकाखाली एक उभी राहिली आणि दिवा लुकलुकायला लागला. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. मैत्रिणीने मला पाणी प्यायला दिलं.

“मावशी, हे मला द्याल का? मी तुम्हाला नवीन देते, जास्त वेगवान.”

“त्याला दिवा हाय का?”

दुकानातून आणलेल्या माझ्याकडच्या नव्याला दिवा नव्हता. त्यांनी मान हलवली.

“दिवा हाय तर माजा पोर दिसतं. दिवा न्हाय तर पोर न्हाय. ह्ये न्हाय द्यायचा.”

फोनवर मुलाचा चेहरा त्यांना नीट दिसत नसे. मोठ्या पडद्यासमोर बसूनच त्या बोलायच्या. पण मैत्रीण म्हणाली, हल्ली तेही होत नव्हतं. मुलाला नेट मिळायचं ते फक्त बंदरात, आणि तो कॉम्प्युटर चालू व्हायला एवढा वेळ घ्यायचा की तोवर जहाज बंदर सोडून जायचं. दिवा लागायचा, मुलगा दिसायचा नाही.

मी डोंगल मागणं सोडून दिलं. त्यांच्या कॉम्प्युटरमधले फोटो बाजूला काढून ठेवले आणि जुन्या यंत्रावरही हलकी चालणारी माझी सोवळ्यातली सिस्टिम त्यावर चढवली. काम चाललं होतं तोवर मावशी माझ्या खुर्चीमागे उभ्या होत्या. पडदा काळा झाला की माझ्या खांद्यावरचा त्यांचा हात घट्ट व्हायचा. शेवटी दिवा लागला आणि हात सुटला. व्हिडिओ कॉलसाठी फक्त लिंक उघडून बोलता येईल असं मी करून दिलं.

पुढच्या रविवारी जहाज बंदराला लागलं. मला मुद्दाम बोलावलं होतं. पडद्यावर एक दाढी वाढलेला माणूस आला आणि आधी स्वतःच्या आईलाच म्हणाला, “आये, तू यवरी पटकन कशी आली?”

“ही पोर आली व्हती,” मावशी म्हणाल्या. “तिनी सगला मोकला केला.”

मुक्त सॉफ्टवेअरची याहून सोपी व्याख्या मी वाचलेली नाही. मग मावशी मुलाशी बोलत राहिल्या: विहिरीचं पाणी, शेजारची नवी बिल्डिंग, दाढी का वाढवलीस. मी आणि मैत्रीण स्वयंपाकघरात गेलो.

मैत्रिणीचा नवरा सुट्टीवर आला तेव्हा कुठल्यातरी बंदरावरच्या जुन्या सामानाच्या बाजारातून माझ्यासाठी एक डोंगल घेऊन आला. मैत्रिणीने चिपचं नाव त्याला कळवून ठेवलं होतं. डोंगलचं टोपण तुटलेलं होतं, रबर लावून बसवलेलं. घरी लावलं आणि लगेच चाललं.

मी हॉलमध्ये जाऊन सांगितलं, “माझं वायफाय चालू झालं!”

मिस्टर टीव्ही बघत होते. “आमचं चालूच होतं,” ते म्हणाले, आणि मला बसायला जागा करून दिली.