जनेलातला उजेड

कारखान्यात त्या फिल्मना आम्ही बायकांनी आमचीच नावं ठेवली होती. जिच्यातून पलीकडचं धूसर दिसायचं ती दुधी. जिच्या अंगावर डोळ्यांना न दिसणाऱ्या बारीक रेघा कोरलेल्या असायच्या ती रेघाळी. आणि जी पिवळीधमक, सगळ्यात महाग, जिला हात लावताना सुपरवायझरचा जीव वरखाली व्हायचा, ती हळदी. खोक्यांवर त्यांची लांबलचक इंग्रजी नावं छापलेली असत, पण दिवसभर कामात ती कोण उच्चारणार?

टीव्हीचा पडदा स्वतः उजळत नाही, हे मला तिथे कामाला लागेपर्यंत माहीत नव्हतं. पडद्याच्या मागे बारीक दिव्यांच्या ओळी असतात आणि दिवे व पडदा यांच्यामध्ये आमच्या फिल्म. दुधी दिव्यांचे ठिपके पुसून टाकते आणि सगळीकडे सारखा उजेड पसरवते. रेघाळी इकडेतिकडे सांडणारा उजेड गोळा करून समोर बसलेल्या माणसाकडे पाठवते. हळदीखाली मात्र निळे दिवे लागतात. निळा उजेड तिच्यातून वर आला की पांढरा होतो, आणि त्या पांढऱ्यातून पडद्यावर लाल आणि हिरवा असा काही खुलतो की बघत राहावं.

गोव्यात पेडण्याच्या औद्योगिक वसाहतीतली आमची ती खोली मला अजून स्वप्नात दिसते. पांढऱ्या भिंती, पांढरे डगले, डोक्याला पांढऱ्या टोप्या. फिल्मच्या दोन्ही अंगांवरचं पातळ आवरण सोलून काढताना चर्र आवाज यायचा आणि हातावरची लव उभी राहायची. दोन रेघाळ्या एकमेकींवर सरकवल्या की त्यांच्यात पाण्यावरच्यासारख्या लाटा हलू लागायच्या. मी त्या बघत बसायची. समोरच्या टेबलावर गडहिंग्लजची माझी मैत्रीण होती. ती म्हणायची, "काय गं, झोपलीस व्हय? डोळं उघडं ठेवून झोपती ही." झोप नव्हती ती. पण जागंही म्हणता येणार नाही.

फिल्म तपासायला आत एक काळोखी खोली होती. तिथे बॅटरीचा उजेड फिल्मवर तिरका पाडायचा. सरळ पाडला तर ओरखडा दिसत नाही, तिरका पाडला की लगेच उमटतो. रोजचं काम होतं ते माझं. हे आत्ताच सांगून ठेवते, कारण घरी नेमकं हेच माझ्या ध्यानात आलं नाही.

घर धारगळला. माझे बाबा गणपती करायचे. आमच्याकडची रीत अशी की गणपती हवा असलेलं घर आपला पाट आमच्या चित्रशाळेत आणून ठेवतं आणि त्या घरची मूर्ती त्याच पाटावर घडते. श्रावण लागला की ओसरीच्या भिंतीला पाट उभे राहायचे. कुणाचा फणसाचा, कुणाचा सागाचा, कुणाचा कडा झिजून गोल झालेला. पाटावर नाव लिहायची गरज नसे. कुठला पाट कुणाचा, ते बाबांना पाठ. केरीहून एक घर होडीतून पाट आणायचं, कारण त्यांच्या आजोबांनी तसाच आणला होता. पूल, रस्ता सगळं झालं तरी त्यांची होडी काही सुटली नाही.

माती मळणं, साचा, रंग, यात आम्ही सगळेच हात लावायचो. डोळे मात्र बाबांचे. सगळं रंगून झालं की शेवटी ते डोळे आखायचे, आणि ते फक्त सकाळी. पूर्वेच्या खिडकीशी, आमच्या भाषेत जनेलाशी, कदेल म्हणजे खुर्ची ओढायचे, मूर्ती समोर घ्यायचे आणि श्वास रोखून एक रेघ ओढायचे. त्या वेळी पंखा बंद, रेडिओ बंद, आईनेही स्वयंपाकघरात भांडं वाजवायचं नाही. याला ते दोळे उगडप म्हणायचे. डोळे उघडले की मूर्ती आमची राहत नाही, त्या घरची होते, असं त्यांचं म्हणणं.

मग दोन गोष्टी लागोपाठ झाल्या. बाबांना काचबिंदू निघाला. गेलं ते परत येणार नाही, उरलंय ते थेंब घालून सांभाळायचं, असं बांबोळीच्या सरकारी इस्पितळात डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं. आणि महामार्ग रुंद झाला. आमच्या घरामागून रस्ता उंच गेला आणि पूर्वेच्या जनेलाबाहेर मातीचा भराव उभा राहिला. जनेल उघडलं की समोर लाल माती आणि तिच्यावर रुजलेलं गवत. सकाळ व्हायची ती भरावाच्या पलीकडे. आमच्याकडे ती पोचायची तेव्हा दुपार होऊन जायची.

त्या वर्षी बाबांनी पहिल्या मूर्तीसमोर बसून ब्रश उचलला आणि परत ठेवला. डोक्यावरच्या बल्बमुळे त्यांच्याच हाताची सावली मूर्तीच्या तोंडावर पडत होती.

"माजोच हात आड येता," ते म्हणाले. पुन्हा प्रयत्न केला, पुन्हा ब्रश ठेवला. संध्याकाळी जेवताना मान वर न करता म्हणाले, "पाट परत करूंया. अजून वेळ आसा. लोकांक दुसरी चित्रशाळा मेळटली."

आईचा हात ताटावर थांबला. पाट परत करणं म्हणजे काय, हे आमच्या घरात कुणाला समजावून सांगायला नको होतं. परत गेलेला पाट पुढच्या वर्षी येत नाही. मला राग आला, पण कुणावर काढायचा? भरावावर?

दुसऱ्या दिवशी मैत्रिणीला सगळं सांगितलं. ती म्हणाली, "सावलीच नको ना त्यास्नी? मग आपण दिवसभर काय करतो हितं?" खरंच की. सावली राहू नये, डाग दिसू नये, काठापासून काठापर्यंत उजेड सारखा हवा, यासाठीच तर आम्हाला पगार होता. मी सुपरवायझरना विचारलं. त्यांनी टाकाऊतल्या काही फिल्म मला दिल्या आणि गेटवर तसं सांगितलं. नाक्यावरच्या टीव्ही दुरुस्तीवाल्याकडे मांद्रेच्या एका गेस्टहाऊसमधला मोठा टीव्ही पडून होता. पडदा फुटलेला, मागचे दिवे शाबूत. आतली हळदी फाटली होती, म्हणून तो पठ्ठ्या त्याला हात लावत नव्हता. तो टीव्ही मी घरी आणला.

रविवारी मैत्रीण मदतीला आली. आधी आम्ही नुसते दिवे लावून बघितले. सगळी चित्रशाळा निळी झाली. निळ्या उजेडात रांगेने उभे असलेले, डोळे नसलेले गणपती समुद्राच्या तळाशी असल्यासारखे दिसत होते. मैत्रीण घाबरून दाराबाहेर जाऊन उभी राहिली. मग मी कारखान्यातून आणलेली हळदी घातली आणि खोली पांढरी झाली.

बाबा कदेलावर बसून बघत होते. जन्मभर रंग कालवलेला माणूस, त्यांना ते पटेना. "निळ्यार पिवळो घाल्यार हिरवो जाता," ते म्हणाले. "धवो कसो जालो?"

"तो रंगाचा हिशेब, बाबा. हा उजेडाचा."

"उजेडाक वेगळो हिशेब?" ते म्हणाले आणि बऱ्याच दिवसांनी हसले. मला वाटलं, आपण जिंकलो.

मी वर दुधी घातली, एक नाही, होत्या तेवढ्या सगळ्या. त्यावर रेघाळी. दिवे आणि फिल्म मिळून झालेलं ते पॅनल मूर्तीच्या थेट समोर, बाबांच्या डोक्यावरून टांगलं. काय उजेड होता तो! कुठून येतोय तेच कळत नव्हतं. बाबांनी हात पुढे केला, सावली नाही. मागे घेतला, सावली नाही. रंग तर असे दिसत होते की पितांबराचा पिवळा मी त्या दिवशी पहिल्यांदा नीट बघितला. मैत्रीण तोंडावर हात ठेवून उभी होती.

बाबांनी ब्रश भिजवला. मूर्तीकडे बघितलं, डोकं डावीकडे झुकवलं, उजवीकडे झुकवलं. बराच वेळ गेला. मग त्यांनी ब्रश पुसून ठेवला आणि माझ्याकडे अगदी हळुवार बघितलं. मी लहानपणी चुकीचं चित्र काढून दाखवायची तेव्हा बघायचे तसं.

"गे बाय, उजवाड बरो आसा," ते म्हणाले. "पूण तोंड खंय गेलें?"

मी बघितलं. तोंड खरंच नव्हतं. सोंड होती, रंग होते, पण सगळं कागदावर छापल्यासारखं सपाट. मातीत बाबांनी अंगठ्याने दाबलेल्या डोळ्यांच्या खाचा कुठेच दिसत नव्हत्या. मला तरी रंगाच्या आधाराने अंदाज येत होता. त्यांना तेवढाही येत नव्हता.

"ह्ये दोळे गेले मगे आतां," बाबा म्हणाले. आपल्या डोळ्यांबद्दल म्हणाले. माझ्या उजेडाची चूक असेल हे त्यांच्या मनातही आलं नाही. त्याचंच मला फार वाईट वाटलं. इतकं सुंदर काहीतरी मी घरी घेऊन आले आणि त्याने त्यांची उरलीसुरली आशाही पुसून टाकली.

आई चहा घेऊन आत आली. खोलीत काय चाललंय हे तिला माहीत नव्हतं. ती नेहमीसारखी बाबांच्या उजव्या अंगाने आली आणि त्यांना कप देण्यासाठी पॅनलच्या अर्ध्या भागासमोर वाकली. उजेड एका बाजूने अडला. मूर्तीच्या गालावर हलकी सावली उतरली आणि त्या सावलीत उजवा डोळा उमटला. खाच, पापणीची कड, कोपरा, सगळं.

"थंयच राव," बाबा म्हणाले.

"चा निवता मगे."

"निवूं दी. हालूं नाका."

आई वाकलेली, हातात कप, आणि बाबा त्या डोळ्याकडे असे बघत होते जसं गर्दीत कुणी ओळखीचं दिसावं. मी कपाळावर हात मारला. रोज काळोख्या खोलीत तिरका उजेड पाडून ओरखडे शोधणारी मीच, आणि घरी येऊन मी सगळा तिरपेपणा पुसून बसले होते. बाबांना नको होती ती त्यांच्या हाताची सावली. मूर्तीची तिची स्वतःची सावली त्यांना हवी होती, आणि इतकी वर्षं ती त्यांना पूर्वेच्या जनेलाने दिली होती.

मग काम सोपं झालं. एक सोडून सगळ्या दुधी काढल्या. रेघाळी ठेवली, ती उजेड सरळ पाठवते म्हणून. पॅनल मी आणि मैत्रिणीने उचललं आणि पूर्वेच्या जनेलाच्या चौकटीत बसवलं. थोडं मोठं झालं, तर बाजूला गोणपाट कोंबलं. भराव दिसेनासा झाला. बाबांनी कदेल जुन्या जागी ओढलं आणि मी बटण दाबलं.

संध्याकाळची वेळ होती, बाहेर पाऊस लागला होता. बाबा जनेलाकडे बघून म्हणाले, "सकाळ जाली."

त्या वर्षी एकही पाट परत गेला नाही. बाबांना वेळ लागला. एकेका डोळ्याला पूर्वी पूर्ण मूर्तीला लागायचा तेवढा. पण रेघ त्यांचीच होती. होडीवाले केरीला मूर्ती घेऊन गेले तेव्हा त्यांच्या म्हातारीने पदर सारून मूर्तीकडे नीट बघितलं आणि काहीच बोलली नाही. ती नावं ठेवण्यात पटाईत, त्यामुळे तिचं न बोलणं आम्हाला पुरलं.

पुढे बाबांचं बघणं हळूहळू आक्रसत गेलं आणि एका वर्षी संपलं. त्याच्या आदल्या चतुर्थीला त्यांनी माझ्या हातात ब्रश दिला होता, घरच्या गणपतीसाठी. त्यानंतर सगळ्यांसाठी. कारखाना मी सोडला नाही, रजा काढून डोळे आखते. मैत्रीण लग्न होऊन गावी गेली. तिकडून फोनवर विचारते, "जनेल चालतंय न्हवं?"

चालतंय. बाबा अजून तिथेच बसतात, पॅनलच्या शेजारी कदेल घेऊन. मला डावा डोळा नीट सापडत नाही, कधीच सापडला नाही. मग ते आपला हात पॅनलसमोर धरतात, बोटं जुळवून, थोडा वर, थोडा खाली. दिसत काही नाही, पण कुठे धरायचा ते त्यांना माहीत आहे. आणि विचारतात, "सावळी पडली?" मी म्हणते, पडली. मग ते हात तसाच ठेवतात आणि मी रेघ ओढते. ज्या हाताच्या सावलीने एकदा त्यांना ब्रश खाली ठेवायला लावला होता, तोच हात.

गेल्या चतुर्थीच्या आधीची गोष्ट. पावसाने संध्याकाळीच काळोख केला होता. होडीवाल्यांची मूर्ती समोर होती आणि मी डाव्या डोळ्याला ब्रश टेकवणार, तेवढ्यात वीज गेली. पंखा नेहमीप्रमाणे बंदच होता, त्यामुळे आवाजात काही फरक पडला नाही. पॅनल विझलं आणि खोलीत काही म्हणजे काही दिसेना. बाबांनी नुकताच हात वर धरला होता.

"सावळी पडली?" त्यांनी विचारलं.

मला सांगता आलं असतं, वीज गेली म्हणून. ते हसले असते, हात खाली घेतला असता. पण त्या काळोखात आम्ही दोघं पहिल्यांदाच अगदी सारखे होतो.

"पडली, बाबा," मी म्हणाले.

"मगे काड. घाय करूं नाका."

मी ब्रश तसाच धरून थांबले. बाहेर भरावावरून गाड्या जात होत्या. मग जनेल उजळलं, आणि बाबांचा हात जिथे हवा होता तिथेच होता. मूर्तीच्या गालावर सावली पडली होती आणि तिच्यात डावा डोळा दिसत होता. मी रेघ ओढली.